मंगळवारचं घर

साउथ जॉर्डन, युटा
6 जुलै 2025, रविवार रात्र

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फिलिपिन्सहून आलेला तुझा फोन ठेवून तास होऊन गेला. तुझे बाबा झोपले. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. उद्या कामावर निघण्याआधी या पानांचे फोटो काढून तुला मेलवर टाकीन. माझं अक्षर लागलं नाही तर मोठ्यानं वाच, म्हणजे कळेल. रविवारच्या मराठी शाळेत तू असाच वाचायचास.

तू विचारलंस, "आई, अशा वेळी काय करायचं?" आणि मी विषय बदलला. तुझा मिशनरी जोडीदार, तुमच्या मॉर्मन चर्चनं धर्मप्रचारासाठी तुझ्याबरोबर नेमलेला, शेजारी बसला होता. तो असायलाच हवा हे मला ठाऊक आहे, पण त्याच्यासमोर हे बोलणं मला जमेना. शिवाय उत्तरही तेव्हा सुचलं नव्हतं.

गुरुवारचं ते जेवण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्हा दोघांपुढे तिनोला वाढलेला, त्यात कोंबडीच्या फोडी, हिरवी पपई, आलं, शेवग्याचा पाला. जिनं तुम्हाला जेवायला बोलावलं त्या बाईची तीन मुलं दाराच्या चौकटीला टेकून उभी. तुम्ही उठल्यावर ती मुलांना घेऊन बसली, तेव्हा पातेल्यात रस्सा आणि पालाच उरला होता. तुझ्या जोडीदाराचं म्हणणं, नाही म्हटलं असतं तर तिला लाज वाटली असती. तो मिंडानाव बेटावरचा, म्हणजे त्याच देशाचा, त्याला ते आतून कळतं. तुला मात्र तो घास गिळवेना.

तुझ्या पणजोबांची, म्हणजे माझ्या आजोबांची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. उरलेली आज सांगते.

1936 साली, तेराव्या वर्षी ते राजापूरकडच्या खेड्यातून पुण्याला शिकायला आले. खिशात काही नाही. तेव्हा गरीब मुलं वार लावून जेवायची. सात दिवसांची सात घरं. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असं वर्षभर. एखाद्या घराचा वार सुटला की नवा मिळेपर्यंत त्या दिवशी उपाशी. तुमच्या वॉर्डात, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीत, मिशनऱ्यांच्या जेवणासाठी वही फिरते आणि बायका आपापल्या तारखेवर नाव लिहितात, हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर आजोबांचे वार. ज्या धर्मात जायला मी तुला दोन वर्षं अडवत होते, त्यातली मला ओळखीची वाटलेली ती पहिली गोष्ट.

आजोबांचे नियम होते. पानात पडेल ते संपवायचं, दुसऱ्यांदा मागायचं नाही. जेवणाआधी त्या घरचं काहीतरी काम करायचं, पाणी भरायचं, लाकडं फोडायची, नाहीतर धाकट्या पोरांचे पाढे घ्यायचे. आणि एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात न्यायची नाही, मग ती चांगली असली तरी. हे तुला माहीत आहे.

मंगळवारच्या घराचं मात्र मी तुला कधी सांगितलं नव्हतं. त्या घरी एक विधवा बाई आणि तिच्या दोन मुली राहायच्या. आजोबा जेवायला बसले की ती म्हणायची, "तू जेव, माझा मंगळवारचा उपास आहे." पाच-सहा महिने त्यांना ते खरं वाटलं. एकदा सोमवारी काही निरोप द्यायला ते तिथे गेले, तर बाई जेवत नव्हती. त्यांनी सहज विचारलं. धाकटी मुलगी म्हणाली, "आईचा सोमवारचा उपास असतो ना." तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी तिला सांगितलं, माझा मंगळवार दुसरीकडे लागला. खोटंच. आणि दोन महिने दर मंगळवारी नळाचं पाणी पिऊन शाळेत बसले.

ती बाई शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. कोणाकडून कळलं देव जाणे. आजोबा सांगायचे, ती रडली नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्याकडे द्यायला एवढं एकच होतं. तेही तू नको म्हणालास."

पुढच्या मंगळवारी ते परत गेले. मॅट्रिक होईपर्यंत जात राहिले. पण तेव्हापासून ते बसताना दोन्ही मुलींना शेजारी बसवायचे आणि आपल्या पानातला भात त्यांच्या पानात सरकवायचे, बाईच्या डोळ्यांदेखत. तिनं ते चालवून घेतलं. नोकरी लागल्यावर त्यांनी पहिली मनिऑर्डर घरी न पाठवता तिला पाठवली. मी लहान असताना त्यांच्या तोंडून ही गोष्ट कितीदा तरी ऐकली आहे, आणि बाईच्या त्या फाटकापाशच्या वाक्याशी आले की ते दर वेळी थांबायचे.

एक गोष्ट मला लपवायची नाही, कारण आजोबांनीही ती लपवली नव्हती. ते वार त्यांना मिळाले ते ब्राह्मणाचा मुलगा म्हणून. त्यांच्याइतकाच हुशार, त्यांच्याइतकाच उपाशी महाराचा किंवा मांगाचा मुलगा त्या दारांत उभा राहू शकला नसता. म्हणून भाऊराव पाटलांचं नाव ते फार आदरानं घ्यायचे. भाऊरावांनी 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं, मुलं एकाच पंगतीला बसवली. तुझ्यासाठी तिथे जी दारं उघडतात ती कुणीही जात विचारून उघडलेली नाहीत, हे तू विसरू नकोस. आजोबांना हे बघायला फार आवडलं असतं.

म्हणून माझं उत्तर असं आहे. नाही म्हणू नकोस. पण पोरांना शेजारी घे. तुमची पानं आधी वाढायचा तिथला रिवाज असेल, असू दे. तू पाहुणा आहेस, पाहुण्यानं हट्ट केला तर चालतो. "हे बसल्याशिवाय मला घास जाणार नाही" हे त्या भाषेत कसं म्हणायचं ते जोडीदाराला विचार. जेवताना कोणी रस्त्यानं गेला तरी ते "काइन तायो" म्हणतात, चला जेवू या, असं तूच मला सांगितलंस. आपल्याकडे कोकणात तेच म्हणतात, या जेवायला. मग दारातल्या मुलांना तू तसं म्हटलंस तर कोणाचा मान जाईल?

आणि जेवायच्या वेळेवर टेकू नकोस, तासभर आधी जा. त्यांचा घरधनी नारळ उतरवतो ना? ते वाहून न्यायला हात लाव. पाणी लांबून आणावं लागत असेल तर आण. त्या पांढऱ्या शर्टाची काळजी करू नकोस, सोमवारी धुतोसच.

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातं आहे. बाळ, त्या जेवणाचा मोबदला म्हणून तिला तुझा धर्म देऊ नकोस. मला माहीत आहे, तुला तो मोबदला वाटत नाही. तुझ्या दृष्टीनं ती तुझ्याकडची सगळ्यात मोठी वस्तू आहे आणि ती तू वाटायला निघाला आहेस. त्यासाठी स्वतःचे पैसे साठवलेस, किराणा दुकानात रात्रीच्या पाळ्या केल्यास, महिन्याला 500 डॉलर प्रमाणे 24 महिन्यांचे. मी ते पाहिलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण जिनं तुम्हाला कोंबडी कापून घातली, तिला पुढच्या गुरुवारी "नको, मला हे ऐकायचं नाही" म्हणता आलं पाहिजे, आणि तसं म्हणूनही तू तिच्या घरी पाणी भरायला गेला पाहिजेस. तिला ते म्हणायची मोकळीक राहील असं वाग. एवढंच मागणं आहे. तू मंडईत भेटलेल्या माणसाला काय सांगतोस, कोणाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरते, यात मी पडत नाही.

मला तुमची शिकवण अजून पटलेली नाही, ते तुला ठाऊक आहे. तू चहा सोडलास तेव्हा मी आठवडाभर बोलले नव्हते. आता तो राग नाही. चहा-कॉफी न पिण्याचा हा नियम 1833 साली तुमच्या लोकांना मिळाला आणि तू तो मनापासून पाळतोस. तिथे सकाळी सकाळी कॉफी पुढे येते आणि नाही म्हणताना तुझी तारांबळ होते म्हणालास. तेव्हा नुसतं नको म्हणू नकोस, त्याऐवजी काहीतरी माग. गरम पाणी माग. यजमानाला आपल्या हातून काहीतरी गेलं एवढंच हवं असतं.

गेल्या वर्षी तुला प्रोव्होच्या मिशनरी प्रशिक्षण केंद्राच्या दारात सोडलं, तेव्हा फुटपाथपाशी चार मिनिटं मिळाली. दुसरा एक मुलगा आला, तुझी बॅग उचलली, तुम्ही आत गेलात. पुढचे सहा आठवडे तू आमच्यापासून तासाभराच्या आत होतास आणि आम्ही यायचं नाही. त्या दिवसांत मी जेवढी रडले तेवढी तू फिलिपिन्समधल्या लेगाझ्पीला गेल्यावर रडले नाही. लांब असलेलं माणूस लांब आहे हे मन मान्य करतं. आता माझ्या घड्याळात दोन वेळा चालतात. इथे दुपारचे साडेचार वाजले की तू दुसऱ्या दिवशीच्या सकाळी साडेसहाला उठतोस. सकाळी साडेआठला मी गाडी सुरू करते तेव्हा तुझे दिवे मालवलेले असतात. 2019 च्या आधी घरी वर्षातून दोनच फोन करता यायचे, नाताळला आणि मातृदिनाला, असं शेजारच्या बाईंनी मला सांगितलं. त्यांची तीन मुलं तशी जाऊन आली. मला तुझ्या दर सोमवारी, म्हणजे माझ्या रविवारी रात्री, तुझा चेहरा दिसतो, हे मी नशीब समजते.

त्याच बाईंकडून आणखी एक कळलं. ह्यू फिंडले नावाचा तुमचा एक स्कॉटिश प्रचारक 1852 साली मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात राहिला. मी त्याचा खूप विचार करते. उन्हातान्हात, अनोळखी भाषेत, दारोदार. पुण्यात त्याला कोणी पाणी दिलं असेल का? दिलं असेल असं मी धरून चालते.

आज आषाढी. आणि महिन्याचा पहिला रविवार, म्हणून तुझाही उपास. तुझा रविवार माझ्या आधी येऊन गेला, तरी तिथी एकच. मी साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी खाऊन उपास केला. तू दोन जेवणं सोडलीस, पाणीसुद्धा नाही, आणि त्या जेवणांचे पैसे गरिबांसाठी दिलेस. खरा उपास तुझा झाला, बाळ. संध्याकाळी गणपतीच्या देवळात विठ्ठलाचे अभंग झाले, तेव्हा तुझ्या नावानं नारळ ठेवला. तुला चालेल ना? मी न विचारता ठेवला.

तू सांगितलेले तिथल्या भाषेतले शब्द मी फ्रिजवर लिहून लावले आहेत. मुखा, आसा, गुरो. आपले मुख, आशा, गुरू एवढ्या लांब समुद्र ओलांडून गेले आणि तिथे घर करून राहिले. पण 'दुखा' या शब्दापाशी मी थांबले. आपण ज्याला दुःख म्हणतो, तो शब्द तिथे गरिबासाठी आहे. ती गुरुवारची बाई स्वतःला तसं म्हणवून घेत नसेल. तूही तिच्याबद्दल लिहिताना तसं लिहू नकोस. तुझ्या मागच्या पत्रात "गरीब कुटुंब" असं होतं. त्यांचं आडनाव लिही, मुलांची वयं लिही, ती काय छान करते ते लिही.

दर सहा आठवड्यांनी तुमच्या बदल्या होतात. तुला कधी आणि कुठे हलवतील सांगता येत नाही, म्हणून हे लवकर कर. तिला विचार की लाइंग कसं करायचं. अळूची पानं वाळवून नारळाच्या दुधात शिजवतात आणि वर भरपूर मिरची, एवढं तू सांगितलंस. आपण अळूत चिंच किंवा आमसूल घालतो, नाहीतर घसा खवखवतो. चिंच न घालता त्यांचा घसा कसा खवखवत नाही? कोणीतरी म्हणालं की पानं शिजेपर्यंत ढवळायचं नाही, हात लावायचाच नाही. खरं आहे का ते तिलाच विचार. माझ्या आईला हवंय म्हणून सांग. समोर बसून, वहीत लिहून घे, चुकलं तर तिला दुरुस्त करू दे.

इथल्या आशियाई दुकानात अळूची पानं मिळतात. शनिवारी आणून गच्चीत वाळत घालते. तुझ्या पुढच्या सोमवारी फोन केलास की मला तिच्या शब्दांत सांग, मी गॅससमोर उभी राहून ऐकेन.

तुझी,
आई

ता. क. मेतकूट, भाजणी आणि दोन बनियन पाठवले आहेत. पोचायला महिना लागेल. मेतकुटातलं अर्धं तिच्या मुलांना दे, मऊ भातावर, वर थोडं खोबरेल तेल चालेल.