टांझानियाच्या तुरीच्या आयातीचा निर्णय तिथल्या पेरणीआधी जाहीर करा

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सादर नमस्कार.

टांझानियात तूर घरी फार कमी शिजते. बाबाटी, लिंडी, मटवारा या भागांत ती मक्यात आंतरपीक म्हणून घेतात आणि बहुतेक माल भारताच्या वाटेला लागतो. आपल्या बाजारात तिला आरुषा, मटवारा म्हणतात. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याला मोठं गिऱ्हाईक एकच, आणि त्याचं दार उघडं की बंद हे ठरतं दिल्लीच्या अधिसूचनेवर.

अडचण तारखांची आहे. तिकडे पेरणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, काढणी जुलै ते सप्टेंबर. तूर आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा आली ती 5 ऑगस्ट 2017 रोजी, ऐन काढणीत. मोझांबिकशी 2016 सालीच करार झालेला असल्यानं त्याचा माल मर्यादेबाहेर राहिला. टांझानियाकडे करार नव्हता. तिथले भाव कोसळले.

मर्यादा घालणंच चूक होतं, असं आमचं म्हणणं नाही. त्या वर्षी महाराष्ट्रात खरेदी केंद्रांवर बारदाना संपला होता आणि 5,050 रुपयांचा हमीभाव असताना शेतकरी त्याखाली तूर विकत होता. पण आपल्या खरिपाचा पेरा ऑगस्टअखेर कळलेला असतो. तेव्हा ऑक्टोबरात निर्णय सांगायला काय हरकत आहे? 15 मे 2021 रोजी आयात खुली झाली, त्यानंतर या सवलतीची मुदत तुकड्यातुकड्यानं वाढत गेली. डिसेंबर 2023 आणि जानेवारी 2025 मधल्या मुदतवाढी आल्या तोवर तिकडची पेरणी उरकत आली होती.

मधल्या काळात माल अडकतो कसा, तेही पाहा. तिथं तूर आता गोदाम-पावती पद्धतीनं सहकारी संस्थांच्या गोदामात जमा होते आणि ऑनलाइन लिलावात विकली जाते. बोली लागली की आधी पूर्ण पैसे, मग माल हलणार. पुढे चाळणी, धुरी, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, माल कुठल्या देशात पिकला ते सांगणारं उगम प्रमाणपत्र (अल्पविकसित देश म्हणून मिळणारी शुल्कसवलत यावरच अवलंबून), आणि मग कंटेनर. वीस फुटी कंटेनरात साधारण 24 टन बसतात. धुरीनं आतले किडे मरतात, पण पुढचं संरक्षण मिळत नाही. कंटेनर बंदरात रखडला की भुंगेरा परत लागतो, दाणे पोखरले जातात आणि मिलमध्ये डाळीचा उतारा घटून चुरी वाढते.

अचानक निर्बंध आला तर जुन्या सौद्यांना परकीय व्यापार धोरणातल्या परिच्छेद 1.05 चा आधार आहे. मात्र तो मुख्यतः आधी उघडलेल्या अपरिवर्तनीय पतपत्राला (विक्रेत्याला पैसे मिळतील अशी बँकेची हमी), तेही 15 दिवसांत नोंदवलं तर. आफ्रिकेतला लहान-मध्यम व्यापार बराचसा आगाऊ रकमेवर किंवा कागदपत्रांवर पैसे या पद्धतीनं चालतो. ज्याचे पैसे लिलावात आधीच भरून झालेत, त्याच्याकडे दाखवायला पतपत्र कुठून असणार?

म्हणून पहिली मागणी: येत्या वर्षाचं तूर आयात धोरण दरवर्षी 31 ऑक्टोबरपूर्वी जाहीर करावं आणि वर्षाच्या मध्ये बदलू नये.

दुसरी, टांझानियाशीही मोझांबिक, मलावीसारखा दरवर्षी किती तूर घ्यायची ते ठरवणारा करार करावा, पण त्यात बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीची) शेवटची तारीख 30 नोव्हेंबर ठेवावी. दार-एस-सलामहून न्हावा शेवाला यायला दोन-तीन आठवडे धरले, तर जानेवारीत लातूर-अकोल्याला नवी तूर येण्याआधी हा माल उतरून जाईल. तारखेविना केलेला करार आमच्या गिरण्यांना चालेल, विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याला नाही. शिवाय करारात उगम प्रमाणपत्र मूठभर निर्यातदारांच्या हाती जाणार नाही, अशी तरतूद हवी. 2023 च्या अखेरीस मोझांबिकच्या नाकाला बंदरात निर्यातदारांच्या आपसातल्या भांडणात तुरीचे कंटेनर अडकले आणि भाव इथं चढले.

तिसरी, परिच्छेद 1.05 साठी पतपत्राबरोबरच लिलावाची पावती आणि बँकेतून पैसे गेल्याचा पुरावाही ग्राह्य धरावा. 2023 पासून टांझानियाशी रुपया-शिलिंगमध्ये व्यवहार करायला परवानगी आहे. अशा व्यवहारात गेलेल्या रकमेची नोंद भारतीय बँकेकडेच असते, त्यामुळे पडताळणीही इथंच होईल.

आपले,
तूर आयात व डाळ मिल व्यवसायातील काहीजण
नवी मुंबई, लातूर, अकोला