एकवीस हजारांची अट कधी बदलणार? सामाजिक न्यायमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

संजय गांधी निराधार आणि (65 वर्षांवरच्या वृद्धांसाठीच्या) श्रावणबाळ योजनेची पेन्शन 2023 मध्ये हजाराची दीड हजार झाली. दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून अडीच हजार लागू झाले. याचे समाधान आहेच. पण दारातली अट जागची हललेली नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो.

21 हजार म्हणजे महिन्याला 1,750 रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. घरातल्या एकाच माणसाने 67 दिवस काम केले की 20,904 रुपये होतात आणि 68व्या दिवशी घर अपात्र ठरते. हमी मात्र तेव्हा 100 दिवसांची होती! रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांनी तिचा पहिला प्रयोग आमच्याच तासगाव तालुक्यात, विसापूरला केला. त्याच हमीच्या कामावर सून गेली म्हणून सासूची पेन्शन अडावी, हे आम्हाला पटत नाही.

याचा पेच तलाठ्यापाशी (आता ग्राम महसूल अधिकारी) येतो. जत किंवा आटपाडीकडचे एखादे घर घ्या. दीड एकर जिराईत, दोन शेरडं, मुलगा-सून ऊसतोडीला. खरे उत्पन्न लिहिले तर म्हातारी बाद, वीस हजार लिहिले तर दाखला खोटा. मग ज्याची ओळख त्याला दाखला मिळतो. पुढे कधी फेरतपासणी निघाली की गंडांतर येते ते म्हातारीवर, अट घालणाऱ्यावर नाही.

लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाखांची आहे आणि रक्कम तीच, दीड हजार. ती योजना वयाच्या 65 वर्षांपर्यंत. म्हणजे लाखभर उत्पन्नाच्या घरातली बाई 65 पूर्ण होईपर्यंत पात्र, आणि हातपाय थकल्यावर श्रावणबाळचा अर्ज भरायला गेली की 21 हजारांच्या अटीवर अपात्र. सर्वात जास्त गरज असते त्याच वयात मदत तुटते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा 50 हजार केलेलीच आहे, त्यामुळे अट बदलता येत नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. निदान श्रावणबाळला लाडक्या बहिणीचीच मर्यादा लावा आणि 65 पूर्ण झालेल्या बाईचे नाव नव्या अर्जाशिवाय आपोआप इकडे वळते करा. वय, आधार, खाते ही सगळी माहिती शासनाकडे आधीच आहे.

दुसरी अडचण पैसे पोचण्याची. डिसेंबर 2024 पासून पेन्शन डीबीटीने, म्हणजे आधारच्या आधारे थेट बँक खात्यात येते. ती अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही. आधार ज्या बँकेशी शेवटचे जोडले गेले तिथे जाते. खाते आधारशी लिंक असणे वेगळे आणि डीबीटीसाठी मॅप असणे (सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद असणे) वेगळे, हे बँकेतसुद्धा नीट सांगितले जात नाही. सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन उघडलेल्या खात्यात पैसे साठतात आणि म्हातारी जुने पासबुक भरून घेत राहते. कधी आधारवर ‘महादेवी’ तर पासबुकावर ‘म्हादेवी’ असते. सीमेवरच्या कानडी नावांचे तर विचारूच नका. कष्टाने रेषा झिजलेल्या बोटांचा अंगठाही उठत नाही.

यावर उपाय अवघड नाही. ज्यांचे पैसे परत गेले त्यांची गावनिहाय यादी तहसील कार्यालयाने दरमहा ग्रामपंचायतीत लावावी. नावापुढे कारण असावे: मॅपिंग नाही, खाते बंद, की नाव जुळत नाही. पैसे जमा झाले असतील तर बँकेचे नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे लाभार्थ्याला कळवावेत. अंगठा उठत नसेल तिथे हयातीच्या दाखल्यासाठी तलाठ्याने घरी जाऊन समक्ष पाहिल्याची नोंद पुरेशी धरावी. आणि त्रुटी निघाली म्हणून थांबवलेले महिने, ती दूर होताच थकबाकीसह द्यावेत. आज त्या थकलेल्या महिन्यांचे काय, याचे उत्तर खिडकीवर मिळत नाही.

आपले,
निराधार योजनांचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते,
जिल्हा सांगली