१९०८ सालची बाग

टानुंडा, बरोसा खोरे,
दक्षिण ऑस्ट्रेलिया
१० ऑगस्ट

तीर्थरूप अण्णा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात की, एकरी टनभर माल देणारी बाग शंभर वर्षे राखणारा शेतकरी एक तर फार श्रीमंत असला पाहिजे, नाहीतर फार हट्टी. त्यावर मी काहीतरी गडबडीने बोलले आणि नंतर रात्रभर वाटत राहिले की आपण नीट उत्तर दिले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. तुम्ही माळकरी आहात. वाइनची चव तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही, आणि तिच्याविषयी तुमचे जे मत आहे ते बदलावे असाही माझा हेतू नाही. पण वेल तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी अधिक कळते, आणि हे पत्र मुख्यतः वेलींचेच आहे.

मी जिथे काम करते ती बाग साडेतीन एकरांची, १९०८ साली लावलेली, सगळी शिराझ या वाइनच्या काळ्या द्राक्षाची. पहिल्या दिवशी पाने गळालेल्या त्या बागेत शिरले तेव्हा कोणी बाग तोडून खोडे तशीच सोडून दिली आहेत असे मला वाटले होते. ना मांडव, ना तारा, ना ठिबक. मांडीएवढी जाड, पिळवटलेली खोडे गुडघ्याच्या वर येतात आणि तिथून प्रत्येकाचे वलांडे, म्हणजे जाड फांद्या, आपापल्या मर्जीने फुटलेले; काही खोडे तर मधून इतकी पोकळ झाली आहेत की या बाजूने घातलेला हात त्या बाजूला निघतो. ओळींमधले अंतर घोड्याच्या औताला पुरेल एवढे ठेवलेले आहे, आणि त्याचे कारण सरळ आहे: लावणाऱ्याकडे घोडा होता. वर तांबूस वाळूसर माती, खाली चिकणमाती. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही मुख्यतः हिवाळ्यात पडतो. खालची चिकणमाती तो धरून ठेवते आणि मुळे उन्हाळ्यात तिथूनच पाणी ओढतात. छाटणी वर्षातून एकदाच, जून ते ऑगस्टमध्ये, कारण वेल थंडीत खरोखरच झोपी जाते. आपल्याकडच्या एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्यांचे गणित मी येथील लोकांना समजावून सांगितले, तेव्हा ते वेलींची कीव करू लागले.

आता वेली इतकी वर्षे राहिल्या कशा, हा तुमचा खरा प्रश्न. त्याचे पहिले कारण मुळात आहे. या वेली स्वमुळावर आहेत, दुसऱ्या वेलीच्या मुळांवर, म्हणजे खुंटावर, कलम केलेली एकही नाही. तुमच्या डॉगरीजच्या खुंटाचे घराणे टेक्सासच्या रानवेलींचे आहे. आपण तो पाण्याच्या ताणासाठी आणि क्षारांसाठी वापरतो, पण जगात द्राक्षवेल अमेरिकी खुंटावर बांधण्याची चाल पडली ती फिलॉक्सेरा नावाच्या, मुळांवर जगणाऱ्या मावावर्गीय किडीमुळे. ही कीड अमेरिकेतून १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पोहोचली आणि पुढच्या काही दशकांत तिने युरोपातल्या बहुतेक बागा मुळासकट संपवल्या; अमेरिकी वेलींची मुळे तिला सोसतात हे ध्यानात आल्यावर कलमांच्या रूपाने बागा पुन्हा उभ्या राहिल्या. शेजारच्या व्हिक्टोरियात ती १८७७ साली जिलाँगजवळ सापडली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९९ मध्ये तिच्याविरुद्ध कायदाच केला, आणि आजतागायत ती या राज्यात शिरलेली नाही. म्हणून फ्रान्सहून आलेली ही जात तिच्या मायदेशात जितकी जुनी सापडणे कठीण, तितकी जुनी ती येथे सहज उभी असते. टानुंडाजवळच १८४३ साली लावलेली शिराझ आहे आणि ती अजून फळते. दुसऱ्याच्या बागेत पाऊल ठेवण्याआधी आम्हाला बूट क्लोरीनच्या पाण्यात बुडवून उभे राहावे लागते. सुरुवातीला मला हा सोपस्कार वाटला, आता कोणी तो टाळताना दिसले की माझाच जीव वर-खाली होतो.

किडीपासून वाचलेल्या वेली माणसांच्या हातून मात्र थोडक्यात वाचल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लाल वाइनची मागणी बसली, लोकांना पांढरी हवी होती, आणि शिराझ आणि ग्रेनाश ही लाल वाइनची द्राक्षे पिकवणाऱ्यांचा माल कोणी उचलेना. पीटर लेहमन म्हणून एक वाइन बनवणारे होते. त्यांना त्यांच्या कंपनीने शेतकऱ्यांकडून द्राक्षे घेऊ नका असे बजावले, तेव्हा आपण शेतकऱ्यांना दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून त्यांनी भांडवल जमवले आणि १९७९ मध्ये तोच माल घेण्यासाठी वेगळी वायनरी काढली. तुम्ही बेदाण्याचे भाव कोसळलेले हंगाम पाहिले आहेत, त्यामुळे या शब्दाची किंमत तुम्हाला सांगायला नको. तरीही दुखणे संपले नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सरकारनेच वेली उपटण्यासाठी हेक्टरी अनुदान जाहीर केले आणि शतकभर जुन्या कितीतरी बागा ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढून काढल्या गेल्या.

आमच्या मालकीणबाई आज एकाहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांच्या वडिलांनीही अनुदान घेतले. उतारावरची सगळी ग्रेनाश त्यांनी उपटली, त्या पैशांत बँकेचे कर्ज फिटले, आणि कर्ज फिटल्यावर उरलेल्या शिराझला हात लावायचे कारण राहिले नाही, म्हणून ती राहिली. मी मालकीणबाईंना विचारले की वडिलांना त्या वेलींची माया होती का. त्या म्हणाल्या, वडिलांना फक्त पुन्हा अर्ज भरायचा कंटाळा होता. अण्णा, श्रीमंती नाही आणि हट्टही नाही. तुमच्या प्रश्नाचे जे सगळ्यांत प्रामाणिक उत्तर मला मिळाले ते हे आहे.

म्हातारी वेल चांगली वाइन देते, असे येथे सगळेच म्हणतात. मी ते अर्धे मानते. मुळे खोल गेलेली असतात आणि खोडात साठा मोठा असतो, त्यामुळे उन्हाचा तडाखा आला किंवा पाऊस हुकला तरी ही वेल तरण्या वेलीसारखी डगमगत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. घड मोजके, सुटसुटीत, मणी बारीक. पण कमी मालामागे म्हातारपणाच्या शहाणपणापेक्षा पुष्कळदा खोडात शिरलेली बुरशी असते, जी एकेक वलांडा वाळवत नेते. शिवाय ज्या जुन्या बागांची वाइन सुमार होती त्या केव्हाच उपटल्या गेल्या. ज्या उरल्या त्यांच्यावरून वयाची थोरवी सांगणे म्हणजे गावातल्या नव्वदीच्या चार म्हाताऱ्यांवरून तंबाखूने आयुष्य वाढते असे ठरवण्यासारखे आहे. २००९ साली येथील बागायतदारांनी जुन्या वेलींची एक सनद केली. तीत ३५ वर्षांवरची वेल जुनी, ७० वरची तगलेली, १०० वरची शतायुषी आणि १२५ वरची पूर्वज. आमची बाग शतायुषीत मोडते. ही सनद ऐच्छिक आहे, पण निदान बाटलीवर ‘जुनी वेल’ छापणाऱ्याने किती जुनी ते सांगावे, एवढा धाक तिने नक्कीच बसवला.

तुम्हाला सर्वांत विचित्र वाटेल ते म्हणजे येथे मण्यांची फुगवण कोणालाच नको असते. आपण जीए हे संजीवक देऊन, विरळणी करून मणी वाढवतो, कारण आपल्याला खायचे द्राक्ष पिकवायचे असते. येथे रंग, वास आणि तुरटपणा हे बहुतांश सालीतून येते, आणि मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त. मार्चमध्ये तोडणी केली तेव्हा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे माप, २५ च्या घरात होता. येथे गोडी बोमे नावाच्या अंशांत मोजतात, आणि ते सोयीचे आहे, कारण एक बोमे म्हणजे ढोबळमानाने वाइनमधला एक टक्का मद्यार्क. घड पहाटे हाताने तोडले, देठ वेगळे केले आणि मणी सालींसकट उघड्या टाक्यांत ओतले. आंबताना साली वर तरंगून जाड थर धरतात. तो वाळू नये आणि रंग रसात उतरावा म्हणून दिवसातून तीन वेळा लाकडी दांड्याने खाली रेटावा लागतो. हे काम माझ्याकडे होते. टाकीवर कर्बवायू साचलेला असतो, त्यामुळे वाकून श्वास घ्यायचा नाही, ही ताकीद पहिल्याच दिवशी मिळाली होती. नऊ दिवसांनी फळ्यांच्या पिंजऱ्यासारख्या जुन्या दाबयंत्रात साली पिळून काढल्या. साडेतीन एकरांतून तीनशे लिटरची आठ पिंपे भरली, म्हणजे बाटल्या झाल्याच तर बत्तीसशे. पिंपे मुद्दाम जुनीच वापरली आहेत, कारण नव्या ओकचा वास वेलीच्या वासावर बसतो.

चवीविषयी एकच सांगते, कारण ते तुमच्या स्वयंपाकघरातले आहे. शिराझला कधी कधी काळ्या मिऱ्यांचा वास येतो. मला ते वाइनवाल्यांचे कवित्व वाटायचे, पण २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी दाखवून दिले की त्या वासामागचे रोटंडोन हे संयुग मिऱ्यांतही असते आणि तिथेही तो वास त्याचाच असतो.

सध्या छाटणी चालू आहे. प्रत्येक वेलीपुढे थांबून कोणता वलांडा जिवंत आहे ते पाहायचे आणि काडी दोन डोळ्यांवर कापायची. छाटणी तुमच्याकडून शिकलेली असूनही पहिला आठवडा माझे हात अडखळत होते, कारण इथे एकसारख्या दोन वेली सापडत नाहीत. मेलेल्या वेलींच्या नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, भरण्याची रीत मात्र मला फार आवडली. शेजारच्या वेलीची एक लांब काडी न छाटता ठेवायची, वाकवून वीतभर खोल चरात पुरायची आणि रिकाम्या जागी तिचे टोक दोन डोळ्यांसकट वर काढायचे. मुळे धरेपर्यंत आईवेल तिला पोसते, दोन-तीन वर्षांनी नाळ तोडायची. स्वमुळावरच्या बागेतच हे जमते. अशी वेल १९०८ ची धरायची की यंदाची, यावर मालकीणबाईंचा आणि माझा रोज जेवताना वाद होतो.

आम्ही या हंगामात अशा अकरा काड्या पुरल्या, पण गेल्या वर्षीच्या सातांपैकी चार धरल्या नाहीत. कलमे येण्याआधी आजोबांची बाग स्वमुळावर होती, तेव्हा तुम्ही असे दाबकलम करताना मातीत जाणाऱ्या भागाची साल खरवडत होतात का, आणि त्या भागावरचे डोळे काढून टाकत होतात की ठेवत होतात, हे आठवून कळवा. छाटणी महिनाअखेरीस संपते, त्याआधी उत्तर मिळाले तर शेवटच्या ओळीत तसे करून पाहीन.

आईला नमस्कार. कळावे,

तुमची आज्ञाधारक,
धाकटी