फोटो पुरे, आता झाकण उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्यातल्या घड्याळशौकिनांकडे घड्याळे वाढली आहेत आणि बोलणे आटले आहे. पूर्वी कुणी जुनी एचएमटी ‘जनता’ खिशातून काढली की आतली यंत्रणा म्हणजे मशीन कोणते, चावी साठवणारी स्प्रिंग म्हणजे कमान मूळची की बदललेली, तबकडी पुन्हा छापलेली तर नाही, यावर तासभर खल चालायचा. आता मनगटाचा फोटो येतो, चार अंगठे उमटतात, कुणीतरी ‘केवढ्याला?’ विचारतो आणि विषय मिटतो. मग महिनाभर सामसूम. मंडळी पुन्हा जमवायची म्हटले की स्पर्धा, सोडत, नाव छापलेल्या टोप्या असले उपाय निघतात. त्याने काही होणार नाही. झाकण बंद असलेल्या घड्याळावर बोलण्यासारखे मुळात फार नसतेच. झाकण उघडले की दहा प्रश्न पडतात. आपल्याकडे उघडणे थांबले, म्हणून बोलणे थांबले.

त्यात बाजाराने भर घातली. एचएमटीची घड्याळे १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला बनू लागली आणि जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. कारखाना गेला तसा जुन्या मालाला भाव आला आणि भावामागोमाग नव्याने छापलेल्या तबकड्या व भलत्याच घड्याळाच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या डबीत, कोंबलेली मशीन आली. नवखा माणूस ‘हे खरे का हो?’ विचारतो आणि त्याचे हसे होते. दोनदा हसे झालेला माणूस तिसऱ्यांदा विचारत नाही. जाणकारही तेच तेच सांगून वैतागतात. मागे उरतात ते विकणारे.

आमचे म्हणणे एवढेच, की महिन्यातून एक रविवार सकाळी सहा ते आठ जणांनी एकत्र बसावे आणि सगळ्यांनी एकच मशीन उघडावे. ते मशीन एचएमटीचे ०२३१ असावे. हाताने चावी द्यायचे, १७ माणकांचे (चाकांची टोके ज्यांत फिरतात ते खडे), तासाला १८,००० ठोक्यांचे. ‘जनता’ आणि ‘पायलट’मध्ये सहसा हेच सापडते. ते साधे आहे, त्याचे भाग अंगाने दणकट आहेत, आणि बंद पडलेली घड्याळे जुन्या बाजारात किंवा घड्याळजीच्या डब्यात अजून मिळतात. प्रत्येकाने वेगळे घड्याळ आणले तर आठ जण आठ कोपऱ्यांत बसतील. मशीन एकच असले की शेजाऱ्याचा अडथळा आपलाही होतो.

जागेला तीन गोष्टी हव्यात: भरपूर उजेड, जमिनीवर फिक्या रंगाची साधी फरशी आणि बंद करता येणारा पंखा. पंख्याची बाब थट्टेची नाही. बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, टोकावरच्या माणकाला धरून ठेवणारी पॅराशॉकची (धक्का झेलणाऱ्या बसवणीची) स्प्रिंग नखाच्या कडेएवढी असते. चिमटा जरा घसरला की ती उडते, आणि वर पंखा फिरत असेल तर ती शोधण्यात उरलेली सकाळ जाते. म्हणून बडोद्याच्या हवेत ही बैठक नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरी. उन्हाळ्यात ठेवायचीच तर सकाळी सातला. टेबलावर काठ असलेला ट्रे आणि त्यात पांढरा कागद. दोघांत मिळून ०.८, १.०, १.२ आणि १.४ मिलिमीटरचे स्क्रूड्रायव्हर, ३ आणि ५ नंबरचे चिमटे, आयग्लास (डोळ्याला लावायचे भिंग), मशीन धरायचा होल्डर, रबरी फुगा, रॉडिको (घाण टिपणारी चिकट पुटी) आणि खणांची प्लास्टिकची डबी. स्क्रूड्रायव्हरचे पाते स्क्रूच्या खाचेइतकेच रुंद हवे. अरुंद पाते खाच खाते, रुंद पाते आजूबाजूचा पूल (चाके धरून ठेवणारी पट्टी) खरवडते. हरवलेला स्क्रू शोधायला लोहचुंबक आणणारा एक तरी उत्साही निघतो. चुंबकाने घड्याळ बिघडते, म्हणून त्याला चुंबकासकट खोलीबाहेर उभे करावे.

पहिल्या बैठकीत एकच गोष्ट नीट शिकवली तरी पुरे: कमानीचा ताण उतरवणे. नवख्यांच्या हातून मशीन मरते ते इथे. कमानीत चावी शिल्लक असताना पॅलेट (चाकांना अडवून ठोक्याठोक्याने सोडणारा भाग) काढला तर सगळी चाके एका दमात भणभणत सुटतात आणि त्यांच्या आसांची केसासारखी बारीक टोके मोडतात. म्हणून चावी बोटांत घट्ट धरावी, थोडी पुढे फिरवावी, दुसऱ्या हाताने टोकदार काडीने क्लिक (कमान उलटी सुटू न देणारा खटका) बाजूला दाबून ठेवावा आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी घसरू द्यावी. बोटांना ओढ जाणवेनाशी झाली की ताण उतरला. मग बॅलन्सच्या पुलाचा स्क्रू काढून पूल अलगद उचलावा. बॅलन्स खाली हेअरस्प्रिंगला (त्याच्या केसाएवढ्या बारीक वेटोळ्या स्प्रिंगला) लोंबत वर येतो, त्याला हिसका बसू देऊ नये. आता पॅलेट काडीने इकडून तिकडे ढकलून पाहावा. तो सैल लोळला तर पुढे जायला हरकत नाही. खटकन उडी मारून दुसऱ्या बाजूला बसला तर ताण अजून शिल्लक आहे, थांबावे.

दुसरी हमखास खोड क्राउन व्हीलच्या, म्हणजे चावीने फिरणाऱ्या दातेरी चाकाच्या, स्क्रूची. अनेक मशीनमध्ये त्याचे आटे उलटे असतात आणि खूण म्हणून डोक्यावर कधी कधी तीन रेषा कोरलेल्या दिसतात. नेहमीच्या दिशेने जोर लावला की डोके तुटते आणि अर्धा स्क्रू आत राहतो. तिसरी खोड जोडताना येते. चाकांवरचा पूल ठेवल्याबरोबर स्क्रू आवळायचा मोह होतो. तसे न करता पुलावर काडीने हलका दाब द्यावा आणि एकेका चाकाला चिमट्याने किंचित हलवत त्याचे टोक माणकाच्या भोकात बसवावे. सगळी चाके वरखाली अगदी जराशी हलतात अशी खात्री झाली की मगच स्क्रू, तोही अर्धा अर्धा फेरा, प्रत्येक फेऱ्यानंतर चाके मोकळी आहेत ना हे पाहत. रबरी फुग्याने एक फुंकर मारली की चाके फिरली पाहिजेत. इतके साधले तरी पहिला महिना सार्थकी लागला म्हणावे.

धुण्याबद्दल एक इशारा. पॅलेटचे खडे आणि बॅलन्सखालचे माणिक लाखेने चिकटवलेले असतात आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. हे दोन भाग लायटरच्या पेट्रोलमध्ये धुवावेत, तेही खिडकी उघडी ठेवून आणि आसपास काडी न ओढता. तेलाबाबत आपला हात नको इतका सढळ आहे. माणकाच्या वाटीत अर्ध्याहून किंचित जास्त भरेल इतकेच तेल लागते. वेगाने फिरणाऱ्या चाकांना आणि बॅलन्सला मोबियस कंपनीचे पातळ ९०१०, मधल्या सावकाश चाकाला जाड डी-५, पॅलेटच्या खड्यांना ९४१५, चावीच्या यंत्रणेला ग्रीस. पॅलेटच्या टोकांना सहसा काहीच नको. शिवणयंत्राचे तेल मात्र घड्याळाजवळ फिरकू देऊ नये. ते पसरत हेअरस्प्रिंगपर्यंत पोचते, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ वेड्यासारखे पुढे पळते. असे पळणारे घड्याळ नेहमी तेलाचेच बळी असते असे नाही. मोबाइलच्या कव्हरातले किंवा पर्सच्या टिचबटणातले चुंबकही तेच करते. घड्याळाजवळ होकायंत्र धरावे. सुई थरथरली तर डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व घालवणाऱ्या यंत्रावर) ठेवून बटण दाबावे आणि बटण दाबलेले ठेवूनच घड्याळ हातभर दूर न्यावे. जवळ असताना बटण सोडले तर चुंबकत्व उलट वाढूही शकते.

आता बोलणे टिकवणारी मुख्य गोष्ट, म्हणजे वही. बैठकीला टायमग्राफर (ठोके ऐकून घड्याळाचा वेग मोजणारे यंत्र) असावा. नसला तर मोबाइलच्या मायक्रोफोनवर चालणारे अॅपही सुरुवातीला चालते. प्रत्येक मशीनचे उघडण्याआधीचे आकडे वहीत उतरवावेत: पूर्ण चावी देऊन, तबकडी वर आणि नंतर चावी खाली, अशा दोन स्थितींत दिवसाला किती सेकंद मागेपुढे, बॅलन्सचा झोका किती अंशांचा, टिक आणि टॉक यांत किती मिलिसेकंदांचा फरक. चोवीस तासांनी हेच पुन्हा. झोका २६० ते ३०० अंश असेल तर प्रकृती उत्तम, जुन्या ‘जनता’ने साफसफाईनंतर २५० दाखवले तरी खूश राहावे, पूर्ण चावीला २०० च्या खाली गेला तर तेल वाळले आहे, कमान थकली आहे किंवा कुठेतरी घासते आहे. लिफ्ट अँगल (झोका मोजण्यासाठी टायमग्राफरला द्यावा लागणारा कोन) सगळ्यांनी ५२ च ठेवावा. त्याने झोक्याचा आकडा थोडा चुकेल, पण सगळ्यांचा सारखाच चुकेल आणि तुलना खरी राहील. हे मशीन सेकंदाला ५ म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके टाकते. दिवसाला २० सेकंद चुकले म्हणजे १०० ठोक्यांचा फरक. याला चूक म्हणावी की कौतुक करावे, यावरही एक रविवार सहज निघेल.

वहीचा एकच नियम कडक असावा: काय मोडले ते लिहायचेच. कोणता स्क्रू, कोणत्या टप्प्यावर, कशाने. चकाचक फोटोपेक्षा ‘पूल आवळताना तिसऱ्या चाकाचे टोक गेले’ ही एक ओळ नवख्याला जास्त शिकवते आणि पुढच्या वेळी तोंड उघडायचे धाडसही देते. ही वही मराठीत हवी. बडोद्यात १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले, तेव्हा तंत्रविद्या लोकांच्या भाषेतून शिकवायची हीच धडपड होती. घड्याळदुरुस्तीची मराठी टिपणे आज शोधून सापडत नाहीत. वर्षभराची वही टंकून तिची एक प्रत मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत ठेवली तर ती तिथे शोभेल.

घड्याळजींना बैठकीला बोलवा, पण पैसे देऊन. ज्या शहरात घडियाळी पोळ नावाची वस्ती आहे त्या शहरात घड्याळजी बॅटऱ्या आणि पट्टे बदलून पोट भरतात, आणि शौकीन मंडळी ‘जरा बघा ना’ म्हणत फुकटात चाळीस वर्षांचे ज्ञान उपटून नेतात. वर्गणीतून तीन तासांचे मानधन द्यावे आणि बंद घड्याळांचा गठ्ठाही त्यांच्याकडूनच विकत घ्यावा. त्या गठ्ठ्यातून निघालेल्या कमानी, चावीच्या दांड्या, बॅलन्स नीट नोंदवून सामाईक डब्यात ठेवावेत. कारखाना गेल्यावर सुटे भाग येणार ते असेच. खरेदी-विक्री पूर्ण बंद करणे कुणाला जमणार नाही. ती शेवटच्या पंधरा मिनिटांत, मागचे झाकण उघडून, भिंगाखाली तबकडी दाखवून व्हावी. केस घासून गुळगुळीत झाली आहे आणि तबकडी मात्र कोरी करकरीत, तबकडी मागच्या बारीक पायांवर न बसता दुहेरी टेपने चिकटवली आहे, काट्यांवरचा रेडियमचा रंग आकड्यांशी जुळत नाही: एवढे तिघांनी मिळून पाहिले तरी बरीच फसवणूक जागीच उघडी पडते.

असा गट शहराच्या उपयोगीही पडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घराघरांत शिरले. अशा वेळी भिजलेले घड्याळ तांदळात पुरून ठेवायची सवय आहे. बंद केसमधल्या पाण्यापर्यंत तांदूळ पोचत नाही आणि आत गेलेला गाळ तर तिथेच बसतो. त्याच दिवशी मागचे झाकण उघडून घड्याळ घड्याळजीकडे न्यावे, तबकडी पुसू नये, ओली छपाई कापसाबरोबर निघून येते. गंज आधी चावीच्या दांडीला आणि तिच्याजवळच्या स्प्रिंगांना धरतो. तो हेअरस्प्रिंगवर टिपक्याएवढा जरी आला तरी ती बदलावीच लागते. पावसाळ्याच्या तोंडावर काचेची आणि मागच्या झाकणाची रबरी रिंग बदलून देण्याचा एक रविवार या गटाने लावला तर नवे लोक आपण होऊन येतील.

आपणास एक विनंती. रविवारच्या पानावर महिन्यातून एकदा चार-पाच ओळींची जागा द्यावी. त्यात त्या बैठकीचे आकडे येतील: कोणते मशीन, आधीचा झोका, नंतरचा झोका आणि काय मोडले.

आपले नम्र,
घड्याळांचे काही शौकीन
दांडिया बाजार, बडोदे