आयर्लंडच्या मुलांचे गाणे आणि भाषेचा 'हट्ट'

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ज्युनिअर युरोव्हिजन या युरोपीय देशांमधल्या मुलांच्या गायनस्पर्धेविषयी आलेले टिपण वाचले. मी गेली काही वर्षे डब्लिनमध्ये राहते आणि आपले दैनिक इथे मोबाइलवर नेमाने वाचते. मराठी वृत्तपत्राने या स्पर्धेची दखल घेतली याचा आनंद झाला. परंतु २०२३ साली फ्रान्समधील नीस येथे आयर्लंड सोळा देशांत सोळावा आला, ही 'नाचक्की' आयरिश भाषेच्या हट्टापायी ओढवली आणि इंग्रजीत गाणे पाठवले असते तर चित्र वेगळे दिसले असते, अशा अर्थाचे जे विधान त्यात आहे, त्यातला क्रमांक खरा असला तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकणारा नाही.

तो तपासायला फार मागे जावे लागत नाही. आदल्याच वर्षी, डिसेंबर २०२२ मध्ये आर्मेनियाची राजधानी येरेवान येथे सोफी लेनन हिने 'सोलस', म्हणजे 'उजेड', हे गाणे आयरिश भाषेत गायले आणि १५० गुण मिळवून ती चौथी आली. ब्रिटनचे गाणे त्या वर्षी संपूर्ण इंग्रजीत होते. त्याला १४६ गुण मिळाले आणि पाचवा क्रमांक लागला. भाषेमुळे गाणे बुडते असे म्हणायचे, तर हा गुणतक्ता कोणत्या खणात ठेवायचा? जॉर्जियाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्या देशाची लिपीही बाकीच्या युरोपला वाचता येत नाही, तरी २००८, २०११, २०१६ आणि २०२४ अशी चार वेळा ही स्पर्धा त्याने जिंकली. त्यांतले २००८ चे विजयी गाणे ना जॉर्जियनमध्ये होते ना इंग्रजीत: मधमाश्यांचे पोशाख घातलेल्या तीन मुलांनी एका काल्पनिक, गुणगुणत्या भाषेत ते गायले होते. (गाणे देशाच्या भाषेतच असावे अशी स्पर्धेची अट होती; त्या दिवशी तिचे काय झाले, ते आयोजक जाणोत.)

दुसरी बाजूही मांडायला हवी. माल्टाने २०१३ आणि २०१५ ची स्पर्धा इंग्रजी गाण्यांवर जिंकली; तिथे इंग्रजी ही राजभाषाच असल्याने अटीत ते बसत होते. वेल्सने २०१८ मध्ये बेलारूसची राजधानी मिन्स्कला वेल्श भाषेतले गाणे पाठवले तेव्हा ते विसांत विसावे आले, आणि पुढच्या वर्षीनंतर वेल्स पुन्हा या मंचावर दिसला नाही. मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये आयर्लंडने सात विजय मिळवले ते सातही इंग्रजी गाण्यांवर, आणि ज्या काळात इतर देशांना आपापल्या भाषेत गाणे सक्तीचे होते त्या काळात आयर्लंडला इंग्रजीचा फायदा झाला, हे इथली माणसेही मोकळेपणाने मान्य करतात. मोठ्यांच्या त्या स्पर्धेत आयर्लंडने आयरिश भाषेतले गाणे पाठवले ते एकदाच, १९७२ साली एडिनबरो येथे. सँडी जोन्स यांनी गायलेले ते गाणे पंधरावे आले आणि तो प्रयोग पुन्हा कोणी केला नाही.

टिपणात जी गोष्ट अजिबात आलेली नाही, ती माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. मोठ्यांच्या स्पर्धेसाठी आयर्लंडचे गाणे पाठवत आले ते आरटीई हे राष्ट्रीय प्रसारण मंडळ. मुलांच्या स्पर्धेत मात्र २०१५ मध्ये आयर्लंड प्रथम उतरला तो टीजी फोर या वाहिनीमुळे, आणि ही वाहिनी आयरिश भाषेसाठीच काढलेली आहे. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी ती सुरू झाली आणि तिचे मुख्यालय राजधानीत नसून पश्चिम किनाऱ्यावर, कॉनेमारातल्या आयरिशभाषक पट्ट्यात आहे. या वाहिनीने आयरिशमध्ये गाणे पाठवले याला हट्ट म्हणणे म्हणजे मराठी रंगभूमीवर नाटक मराठीत केल्याबद्दल कोणाला दोष देण्यासारखे आहे. माल्टाप्रमाणे आयर्लंडलाही इंग्रजीत गाण्याची मुभा मिळू शकली असती. पण मग या वाहिनीने ही उठाठेव करायचीच कशाला? पहिल्या वर्षी बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे एमी बँक्स या तेरा वर्षांच्या मुलीने शास्त्रीय ढंगाच्या आवाजात 'समुद्रतारा' अशा अर्थाचे आयरिश गाणे गायले आणि ती सतरा देशांत बारावी आली. त्यानंतरचे क्रमांक वरखाली होत राहिले, मधूनमधून गाण्यात इंग्रजीची एखादी ओळही डोकावली, पण गाण्याचा गाभा आयरिशच राहिला.

हे का महत्त्वाचे, ते आकड्यांवरून कळावे. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमधल्या सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश येते असे नोंदवले. शाळेबाहेर रोजच्या व्यवहारात ती बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच आहेत. म्हणजे भाषा येते, पण तोंडात येत नाही, अशी अवस्था. इथल्या शाळांत आयरिश सक्तीची आहे. परदेशातून वयाच्या बाराव्या वर्षानंतर आलेल्या मुलांना सूट मिळू शकते; माझी मुलगी इथे आली तेव्हा सहा वर्षांची होती, त्यामुळे तिच्यासाठी हा प्रश्नच उद्भवला नाही. सुरुवातीला तिला या भाषेच्या शुद्धलेखनाचा फार राग यायचा. ब आणि ह ही अक्षरे शेजारी आली की उच्चार बहुधा व होतो, म आणि ह शेजारी आली तरी व होतो, आणि काही अक्षरे तर लिहायची असतात पण म्हणायची नसतात. शेवटी तिने आपला मार्ग काढला: वहीत आयरिश ओळीच्या वर पेन्सिलने देवनागरीत उच्चार लिहायचे. इंग्रजी अक्षरांत न मावणारा, घशातून येणारा एक आवाज आमच्या ख ने बऱ्यापैकी पकडला, याचा मला उगाचच अभिमान वाटला.

'सोलस' गाण्याच्या रविवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात माझी मुलगी, समोरच्या घरातली ब्राझीलची तिची मैत्रीण आणि शेजारच्या आयरिश आजी अशी मंडळी जमली होती. या स्पर्धेत ऑनलाइन मतदान असते, तीन गाणी निवडायची असतात आणि आपल्या देशालाही मत देता येते. त्यामुळे टॅबलेट कोणी धरायचा यावरून दोघींची ओढाताण झाली. शेजारच्या आजींनी शाळेत वर्षानुवर्षे आयरिश शिकूनही, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, शाळा सुटली त्या दिवशी भाषाही सुटली. गाणे चालू असताना त्या मध्येच थांबून एखादा शब्द आठवू लागल्या आणि त्याचा अर्थ माझ्या मुलीने त्यांना सांगितला. आजी आधी हसल्या, मग टीव्हीकडे बघत तो शब्द दोनतीनदा पुटपुटल्या. मी चहाचे निमित्त करून आत गेले.

स्पर्धा निर्दोष आहे असे मला म्हणायचे नाही. २००३ साली कोपनहेगनला ती सुरू झाली तेव्हा गाणे मुलांनीच रचलेले असावे असा नियम होता. तो पुढे सैल झाला आणि आता व्यावसायिक संगीतकार मुलांसाठी मापात शिवल्यासारखी गाणी तयार करतात. काही देशांच्या सादरीकरणात तर बारा वर्षांच्या मुलीला पंचविशीतली भासवण्याचा खटाटोप दिसतो, तो पाहवत नाही. (आपल्याकडेही दूरदर्शन वाहिन्यांवर दहा वर्षांची मुले विरहाची गाणी डोळे मिटून गातात आणि परीक्षक त्यांच्या 'भावा'चे कौतुक करतात. निदान या स्पर्धेत गाणे नवे असावे लागते, हा फरक मला मोठा वाटतो.) भाषेची अटही आता पातळ झाली आहे: गाण्याचा किमान ६० टक्के भाग देशाच्या भाषेत असला की उरलेल्या भागात इंग्रजी चालते, आणि बरेच देश शेवटचे धृपद इंग्रजीत उरकतात. टीका करायचीच असेल तर ती या ४० टक्क्यांवर व्हायला हवी होती. जे देश ही सवलत हात राखून वापरतात त्यांच्यावर नव्हे.

'नाचक्की' या शब्दाविषयीही लिहिणे भाग आहे. स्पर्धेत भाग घेणारी मुले ९ ते १४ वर्षांची असतात. कोणाच्या नावापुढे शून्य दिसू नये म्हणून पूर्वी कित्येक वर्षे प्रत्येक देशाला मोजणीच्या आधीच १२ गुण दिले जात, एवढी काळजी खुद्द आयोजकांनी घेतली होती. नीसला गायलेली मुलगी, जेसिका मॅकीन, सोळावी आली; तिच्या गाण्याची चाल फिकी होती असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण तीन मिनिटे थेट प्रक्षेपणात, सगळ्या युरोपसमोर आपल्या भाषेत गाणाऱ्या शाळकरी मुलीबद्दल हा शब्द आपल्या दैनिकाने छापायला नको होता.

एक तथ्यात्मक चूकही आहे. टिपणात आयरिशला 'इंग्रजीची बोली' म्हटले आहे. आयरिश ही केल्टिक कुळातली स्वतंत्र भाषा आहे, इंग्रजी जर्मानिक कुळातली. आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिली राजभाषा आणि इंग्रजीला दुसरी मानले आहे, आणि १ जानेवारी २००७ पासून आयरिश ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. बाकीचे पत्र जागेअभावी कापावे लागले तरी एवढी दुरुस्ती कृपया छापावी.

आपली नम्र,
एक वाचक, डब्लिन