2032 च्या पावसाळ्याआधी कारवीचं नाणं काढा: अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: सह्याद्रीतल्या कारवीवर स्मृतिनाणं, आणि तेही चलनातलं

महोदया,

स. न. वि. वि.

2024 च्या पावसाळ्यात मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि त्याला लागून असलेल्या ठाण्याच्या येऊरच्या डोंगरात कारवी, म्हणजे दर आठ वर्षांनी एकदाच फुलणारं रानझुडूप, फुलली. त्याआधी 2016 ला फुलली होती, त्याआधी 2008 ला. हिशेबाने पुढची पाळी 2032 ची. पत्र आत्ताच लिहितोय, कारण सरकारी फायलीला आणि कारवीला लागणारा वेळ साधारण सारखाच असतो.

मी नाणी जमवतो आणि डोंगर हिंडतो. या दोन्ही नादांमुळे एक गोष्ट फार दिवस खटकते आहे. आपल्याकडे स्मृतिनाण्याला निमित्त लागतं. 1964 साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांची नाणी निघाली, तिथून हा पायंडा पडला. पुढे जयंत्या, शताब्द्या, संस्थांची पन्नाशी-पंचाहत्तरी असं सगळं नाण्यांवर आलं. यातली कित्येक नाणी मला प्रिय आहेत. 1999 चा ज्ञानेश्वरांचा रुपया, 2002 चं तुकोबांचं दोन रुपयांचं नाणं, 2007 चं लोकमान्यांचं पाच रुपयांचं नाणं. पण या सगळ्या यादीत आपल्या डोंगरात उगवणारं, नाव घेऊन ओळखता येईल असं रानफूल मला सापडत नाही. 1968 पासून काही वर्षं निघालेल्या पितळी वीस पैशांवर कमळ होतं, पण ते राष्ट्रीय फूल म्हणून, आणि तळ्यातलं. 2011 च्या रुपया-दोन रुपयांवर फुलांची नक्षी आहे खरी, पण ते फूल कुठलं हे कुणा वनस्पतिशास्त्रज्ञाने सांगून दाखवावं. साडीच्या काठावरची वेलबुट्टी असते तसं ते आहे.

कारवीला निमित्त शोधावं लागत नाही, तिची तिथी ती स्वतःच पाळते. सात वर्षं नुसती हिरवी पानं, मोठी, खरबरीत, कडेला दातेरी. आठव्या पावसाळ्यात अख्खा उतार एकदम जांभळा होतो. जवळ जाऊन पाहिलं तर फूल घंटेसारखं, तोंडाशी पाच पाकळ्या उमललेल्या, आणि ते ज्या कणसातून बाहेर पडतं त्यावर एकावर एक चढलेली गोलसर छदं, म्हणजे फुलाखालची छोटी पानं. ती लवदार आणि चिकट असतात. बोटाला लागलं की त्याचा उग्र वास बराच वेळ जात नाही. मधमाश्यांची तेव्हा चंगळ असते. कारवीचा दाट, गडद मध ज्याने चाखलाय त्याला वेगळं सांगायला नको. फुलोरा संपला की झुडूप वाळतं, मरतं. बोंडं मात्र तशीच धरून ठेवतं आणि पुढच्या पावसाचं पाणी लागलं की ती तडतडून फुटतात, बी उडतं. मग पुन्हा पहिल्यापासून.

आणि हे काही फक्त बघण्याचं फूल नव्हे. वारली, ठाकर, कातकरी पाड्यांवरच्या कुडाच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या. त्यावर शेणामातीचं लिंपण, गेरूचा हात, आणि मग तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं. आज वारली चित्र सरकारी भेटवस्तूंपासून विमानतळाच्या भिंतींपर्यंत सगळीकडे पोचलंय. त्या चित्राच्या मागे जी काठी होती तिला कुणी विचारलेलं नाही.

टपाल खात्याने आपल्या खात्याला या बाबतीत कधीच मागे टाकलंय. 1982 साली त्यांनी हिमालयातल्या फुलांची चार तिकिटं काढली, त्यात ब्रह्मकमळ होतं. 2006 साली मुन्नारच्या डोंगरांवर नीलकुरिंजी फुलली, त्याच वर्षी तिचं तिकीट निघालं. नीलकुरिंजी ही कारवीची सख्खी बहीण, दोघी एकाच कुळातल्या. तिची पाळी बारा वर्षांची. 2006, 2018, आता 2030. फुलोऱ्याच्या वर्षी तिकीट काढणं जमतं, तर नाणं काढणंही जमायला हवं.

बाहेर पाहायचं तर ऑस्ट्रियाचं उदाहरण आहे. त्यांच्या जुन्या एक शिलिंगवर 1959 पासून एडलवाइसची तीन फुलं होती. 2002 ला युरो आला तेव्हाही त्यांनी आल्प्सची फुलं सोडली नाहीत: एक सेंटवर जेन्शियन, दोनवर एडलवाइस, पाचवर डोंगरी प्रिम्युला. म्हणजे सगळ्यांत हलकी तीन नाणी, जी कुणाच्याही खिशात खुळखुळतात.

माझी मुख्य विनंती याच मुद्द्यावर आहे. कृपया कारवीला मखमली डबीत घालू नका. आपल्याकडच्या स्मृतिनाण्यांचं आता काय झालंय ते आपल्याला माहीत आहेच. 2023 चं संसद भवनाचं 75 रुपयांचं नाणं घ्या. 44 मिलिमीटर, 35 ग्रॅम, निम्मी चांदी. टाकसाळीच्या वेबसाइटवरून काही हजार मोजून घ्यायचं आणि कपाटात ठेवायचं. चांदीचं कारवी-नाणं निघालं तर मी घेईनच, माझ्यासारखे हौशी रांग लावतील, टाकसाळी चालवणाऱ्या सरकारी महामंडळाला चार पैसे मिळतील. पण ज्या पाड्यावर कारवीची भिंत उभी आहे तिथे ते नाणं कधीच पोचणार नाही. 2022 साली अमृतमहोत्सवाची एक रुपयापासून वीस रुपयांपर्यंतची नाणी सरळ चलनात आली होती. तशीच ही यावी.

आपले अधिकारी इथे एक हरकत घेतील आणि ती रास्त आहे. दहाच्या नाण्याचे इतके छाप आले की दुकानदार ती नाकारू लागले. शेवटी जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की चौदाही प्रकार खरे आहेत. नवं फूल आलं की पुन्हा 'हे चालत नाही' सुरू होईल. म्हणून दहाचं नको, वीसचं घ्या. ते बारा कोनांचं आहे, अंधारात बोटांनीही कळतं. त्याच्या काट्याच्या बाजूला सध्या धान्याची कणसं आहेत. तिथे काही काळ कारवीचं कणीस आलं तरी नाणं ओळखण्यात कुणाची गफलत होणार नाही.

नक्षीबद्दल थोडं हक्काने सांगतो. रंगीत छपाई नको. जांभळा रंग धातूवर चढवला की स्वस्त दिसतो, आणि हाताळून उडतो. कारवीचा आकारच पुरेसा बोलका आहे: कणीस, त्यातून डोकावणाऱ्या दोन-तीन घंटा, बाजूला एक दातेरी पान. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे, त्यांच्याकडून चित्र तपासून घ्यावं. चित्रकाराने इंटरनेटवरच्या फोटोवरून नव्हे, जिवंत झाडावरून रेखाटन करावं. डोंगराडोंगराची पाळी वेगळी असते, त्यामुळे त्याला 2032 पर्यंत थांबावं लागणार नाही. नाण्यावर फुलाचं नाव हवं. ठिकाणाचं मात्र नको. कास पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, त्यानंतर तिथे सुट्टीच्या दिवशी गाड्यांची काय रांग लागते ते साताऱ्यात कुणालाही विचारा. त्यात नाण्याची भर नको.

2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे स्मृतिनाण्यासाठी केंद्राची अधिसूचना पुरते, संसदेत जावं लागत नाही. तेव्हा 2030 ला नीलकुरिंजी आणि 2032 ला कारवी, असा दोन नाण्यांचा प्रस्ताव आर्थिक कामकाज विभागाकडे विचारार्थ पाठवावा, ही विनंती. कारवीचं नाणं मुंबईच्या टाकसाळीत पाडलं तर सालाखाली तिची हिऱ्याची खूण येईल. ती टाकसाळ फोर्टात आहे, आणि 2032 ला ज्या डोंगरात कारवी फुलायची तो तिथून लोकलच्या टप्प्यात आहे.

कळावे,

आपला नम्र,
ठाण्याचा एक नाणेसंग्राहक