त्या पोराबद्दल दोन ओळी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे एका रविवारी तुमच्या पुरवणीत लाल देवळाचा, म्हणजे पुण्यातल्या ज्यूंच्या सिनेगॉगचा (प्रार्थनास्थळाचा) फोटो आला होता, खाली माहिती पण होती, डेव्हिड ससूननी बांधलं, १८६७ चं, लाल विटा, मनोऱ्यावर घड्याळ वगैरे. सगळं बरोबर होतं, तक्रार नाही. फक्त फोटोत माणूस एकही नव्हता, आणि मी हे लिहितोय ते एका माणसाबद्दल, म्हणजे पोरगाच म्हणायचा, पंचविशीतला. गेल्या महिन्यात तिकडे अमेरिकेत गाडीच्या अपघातात गेला. नाव लिहीत नाही कारण त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमो सिनेगॉगचे. आडनाव सांगितलं की लोक "अलिबागचे का?" विचारतात आणि ते बरोबरच असतं, आमचे पूर्वज तिकडचे तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली. १९४८ नंतर बहुतेक सगळे इस्राएलला गेले, माझे तिन्ही भाऊ गेले, राहिलो ते म्हातारे आणि काही हट्टी. तर हा पोरगा एका ज्यू संस्थेकडून वर्षभरासाठी आमच्यासाठी म्हणून आला होता, व्हॉलंटिअर. (स्वयंसेवक लिहिणार होतो पण पुण्यात त्याचा अर्थ लोक वेगळा घेतात.) मुलांना हिब्रू शिकवणं हे त्याचं कागदावरचं काम. मुलं किती, तर सात. त्यातली दोन दहावीला, ती क्लासमुळे यायचीच नाहीत.

मग त्यानं स्वतःच काम शोधलं. आमच्यातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी केली आणि रोज दोन घरं. कुणाला ससून हॉस्पिटलला घेऊन जा, कुणाचं लाइट बिल भर, कुणाच्या इस्राएलमधल्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून दे. नोव्हेंबरात चार पेन्शनरांना रिक्षात घालून बँकेत नेलं हयातीच्या दाखल्यासाठी. त्याला ते काही केल्या पटेना, म्हणे काका, माणूस समोर उभाय आणि तुम्ही त्याला जिवंत असल्याचा कागद मागताय? क्लार्कसुद्धा हसला.

मराठी तो तुमच्या पेपरवर शिकला, हे मुद्दाम सांगतोय. माझी आई ८८ वर्षांची आहे, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. हा सकाळी यायचा, चहाबरोबर खारी, आणि तिला मथळे वाचून दाखवायचा, एकेक अक्षर लावत. ळ काही जमायचा नाही. लाल देऊल म्हणायचा. आई म्हणायची, "अरे, जीभ वर दुमड ना, टाळ्याला लाव," आणि मग दोघं पाच मिनिटं नुसतं ळ ळ ळ करत बसायचे, शेजारचे डोकावून जायचे. आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीद म्हणतात, आईपण म्हणते. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला सांगितलं की संध्याकाळी मशिदीत ये, आणि या बाबानं रिक्षावाल्याला तेच सांगितलं. अर्ध्या तासानं फोन, काका इथे सगळे वुजू (नमाजाआधीचं हातपाय धुणं) करतायत, मी काय करू.

त्याच्या आईवडलांना मात्र भारत म्हटलं की नरीमन हाउसच आठवायचं. साहजिक आहे. गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग, २९ आणि २८ वर्षांचे, तेही न्यूयॉर्कहून मुंबईत लोकांची सेवा करायलाच आले होते ना, २००३ साली. २६/११ ला अतिरेक्यांनी नरीमन हाउसमधल्या त्यांच्या घरात दोघांसकट सहा जणांना मारलं, दोन वर्षांचा मोशे वाचला तो सँड्रा सॅम्युएल या बाईंमुळे. आणि पुण्यात पुढे २०१० ला जर्मन बेकरी, १७ जण गेले, ज्यू लोकांचं खबाड हाउस तिथून हाकेच्या अंतरावर. तेव्हापासून आमच्या दारात बंदोबस्त असतो. त्याची आई एकदा व्हिडिओ कॉलवर मला म्हणाली, त्याच्याकडे लक्ष ठेवा. मी म्हटलं, ताई, पुण्यात काही होत नाही, फक्त रस्ता ओलांडताना जपायचं. आता ते वाक्य सारखं आठवतं.

मूळ गोष्ट मिनयानची आहे. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, दहा झाले की मिनयान, नऊ असले की नाही. गेलेल्या माणसासाठी कद्दिश म्हणायचं तरी दहा लागतातच. एरवी शुक्रवारी आम्ही सातआठ जण घड्याळाकडे बघत बसायचो. हा दुपारपासून फोन लावायचा, एकाला कोंढव्यातून स्कूटरवर घेऊन यायचा, आणि कितीदा तरी नऊवर गाडी अडली की दहावा तो स्वतः. त्याच्या तिकडच्या सिनेगॉगमध्ये बायकाही मोजतात. यावरून आमच्या एका वडीलधाऱ्यांशी त्याचा चांगला वाद झाला, ते म्हणाले, तुझ्या गावात मोज. तो गप्प बसला पण पुढच्या शुक्रवारी अकरा माणसं आणून उभी केली.

जाताना आम्ही त्याच्यासाठी मलिदा केला. गूळखोबरं घातलेले पोहे, वर फळं, एलियाहू हनाबीचं (प्रेषित एलियाहूचं) नाव. त्याच्या घरच्यांनी असलं काही कधी पाहिलेलं नाही, फोटो बघून त्याची आजी म्हणे विचारत होती की हे नक्की ज्यूच आहेत ना. तीन वेळा घेतलं त्यानं. उरलेला डब्यात भरून एअरपोर्टला नेला.

तर बातमी कळल्यावर त्याच्यासाठी प्रार्थना करायची ठरली, मंगळवारी संध्याकाळी. मी स्वतः फोन केले, त्याचीच यादी समोर ठेवून, त्यात त्यानं नावांपुढे कुणाला किती वाजता फोन करायचा हेसुद्धा लिहून ठेवलंय. एकाचं डायलिसिस होतं, एक खराडीहून निघाला तो ट्रॅफिकमध्ये अडकला, एकाला शिफ्ट सुटली नाही. साडेआठपर्यंत थांबलो. आठ झालो. पलीकडे सहा बायका बसल्या होत्या, त्यातल्या दोघींना तो ससूनला घेऊन जायचा. वाद घालणारे ते वडीलधारे बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले, बोलले काही नाहीत. तेहिलीम (स्तोत्रं) वाचले, कद्दिश झालं नाही, दिवे घालवून घरी आलो.

आईला अजून सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी तिला म्हटलं मीटिंग आहे. ती मधूनच विचारते, तो पोरगा फोन का करत नाही रे, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. सकाळी मथळे आता मीच वाचतो. माझ्याच्यानं तोंडानं सांगवत नाही, पण पेपरात आलेलं ती मी वाचेन तसं ऐकते, मध्ये थांबवत नाही. म्हणून ही विनंती. जागा कमी असेल तर ससूनचं, बँकेचं सगळं कापा, ळ चं तेवढं राहू द्या. कुठल्या दिवशी छापणार ते आदल्या दिवशी कळवलंत तर बरं होईल.

आपला,
एक जुना वाचक
रास्ता पेठ, पुणे